प्रोब कोणाच्या हाती : सोलापूर आणि ‘टू-डी इको’चे शिक्षण

सोलापूरचे भूमिपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना वैद्यकाची पदवी घेण्यासाठी मुंबई गाठावी लागली होती. ती सोय या गिरणगावात झाली ती १९६३ मध्ये, आज डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या स्थापनेने. आरंभी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी आणि १९९८ नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न झालेल्या या महाविद्यालयाचे आयुष्य आणि हृदयाच्या ध्वनिचित्रणाचे, म्हणजे बोलीतल्या ‘टू-डी इको’चे, आयुष्य जवळजवळ बरोबरीचे आहे. तरीही अर्ध्या शतकाहून अधिक काळ उलटूनही ही विद्या पदवीच्या विद्यार्थ्याच्या हातापर्यंत पुरती पोहोचलेली नाही, आणि त्याची कारणे यंत्रात जेवढी होती त्याहून अधिक, ते यंत्र हाताळण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नात होती.

ऑक्टोबर १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे वैद्य आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यातून मागून आणलेल्या, धातूतील भेगा शोधणाऱ्या यंत्राने धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी प्रथम टिपले. एडलर यांना उलगडा हवा होता तो हृदयातील मायट्रल झडप अरुंद होण्याच्या विकाराचा. हा विकार बहुधा बालपणीच्या संधिवाती तापातून उद्भवतो, दाटीवाटीच्या वस्तीत तो ताप अधिक आढळतो, आणि म्हणूनच युरोपात तो ओसरत गेला तरी भारतातील सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत त्याचे रुग्ण पुढेही दिसत राहिले. अमेरिकेत हार्वे फायगेनबाउम यांनी १९६५ मध्ये हृदयाभोवती साठलेले पाणी ध्वनिलहरींनी ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. १९७० च्या दशकात हलते द्विमितीय चित्र आणि १९८० च्या दशकात रक्तप्रवाह रंगांत दाखवणारे डॉप्लर तंत्र आले.

वैद्यकीय महाविद्यालयांतील हृदयतपासणीचा पाठ मात्र दर्शन, स्पर्शन, ताडन आणि श्रवण या चार पायऱ्यांवरच उभा राहिला. विद्यार्थी खाटेपाशी मर्मरध्वनी ऐकून निदान मांडत, आणि इकोचा अहवाल नंतर कागदावर येऊन ते बरोबर की चूक हे ठरवीत असे. यंत्र अवजड व महागडे असल्याने ते स्वतंत्र खोलीत राहिले आणि ते चालवण्याचे कौशल्य हृदयरोगाच्या उच्च पदव्यांकडे गेले. पदवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आली ती केवळ अहवालाची भाषा.

वस्तुतः हे कौशल्य वाचून येणारे नाही. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, डावा हात डोक्याखाली ठेवायला लावून, छातीच्या हाडालगत डावीकडे तिसऱ्या किंवा चौथ्या फासळीमधल्या जागेत जेल लावलेला प्रोब, म्हणजे यंत्राचा ध्वनिलहरी सोडणारा व टिपणारा हातातील भाग, टेकवायचा आणि त्यावरील खूण रुग्णाच्या उजव्या खांद्याकडे ठेवायची, की हृदयाचा लांब छेद दिसतो. जागा न सोडता प्रोब घड्याळाच्या दिशेने सुमारे ९० अंश फिरवला की डावा कप्पा गोल दिसू लागतो, आणि योग्य पातळीवर मायट्रल झडप माशाच्या तोंडासारखी उघडमीट करताना दिसते. मनगट थोडे ढळले तरी चित्र हरवते, त्यामुळे शिकवणाऱ्याला अनेकदा शिकणाऱ्याच्या हातावर हात ठेवूनच शिकवावे लागते.

२०१० च्या सुमारास खिशात मावणारी यंत्रे बाजारात आली, तेव्हा किमतीचा आणि आकाराचा अडसर सैल झाला. महाराष्ट्रात मात्र दुसरा अडसर आधीच उभा होता, आणि तो सकारण होता. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा या राज्याने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २००३ च्या दुरुस्तीने सोनोग्राफी यंत्रांच्या विक्रीपासून वापरापर्यंत नोंदणीची चौकट घट्ट झाली. शून्य ते सहा वयोगटात राज्यात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर उतरली, आणि २०१२ मध्ये फिरत्या यंत्रांच्या वापरावर आणखी बंधने आली. हृदय पाहणारा प्रोब आणि गर्भ पाहणारा प्रोब यांचे मूलतत्त्व एकच असल्याने, जे यंत्र विद्यार्थ्याने वॉर्डभर घेऊन फिरावे असे अन्य देशांत मानले जाऊ लागले, ते येथे नोंदवलेल्या जागेशी आणि नोंदवलेल्या व्यक्तीशी बांधलेले राहिले.

२०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात हे अंतर स्पष्ट दिसते. त्यात हृदयविद्युतालेख, म्हणजे ईसीजी, विद्यार्थ्याने स्वतः काढून त्याचा अर्थ लावणे अपेक्षित आहे. इकोबाबत मात्र तो केव्हा करावा आणि त्यात काय दिसते हे सांगता येणे पुरेसे मानले आहे. ईसीजीदेखील एके काळी तज्ज्ञांचीच मिरास होती, हे ध्यानात घेतल्यास ही सीमारेषा कायमची नव्हे. झडपेवर शस्त्रक्रिया करावी की नाही हा निर्णय तज्ज्ञांचाच राहील. पण हृदयाभोवती पाणी आहे काय आणि डावा कप्पा जोराने आकुंचन पावतो काय, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यास मर्यादित प्रशिक्षण पुरते. करमाळा, मंगळवेढा किंवा अक्कलकोट येथे रात्रपाळीवर असलेल्या तरुण डॉक्टरला दम लागलेला रुग्ण सोलापूरला तातडीने पाठवायचा की तिथेच सांभाळायचा हे ठरवण्यास याच दोन उत्तरांची मदत होते. म्हणून कायद्याचा हेतू अबाधित ठेवून नोंदणीकृत यंत्रावर, शिक्षकाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्याचा हात तयार करणे हे वैद्यकीय महाविद्यालयांसमोरचे पुढचे काम ठरते.