परळने दाखवलेली ‘ओ’ची मर्यादा

प्रचंड रक्तस्रावाने हृदय थांबते, तेव्हा नुसती छाती दाबून भागत नाही. पंप शाबूत असला, तरी ढकलायला रक्तच उरलेले नसते. वाहणारी जखम बंद करायची आणि गेलेले रक्त परत भरायचे, यावरच तेव्हा जीव अवलंबून असतो. हे भरलेले रक्त कोणाला चालत नाही, याचा एक महत्त्वाचा धागा परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात सापडला.

बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका दगावताना पाहून लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी १८१८च्या सुमारास माणसाचे रक्त माणसाला देऊन पाहिले. काही जगले, काही दगावले. त्यामागचे एक मोठे कारण १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी उलगडले: रक्तांचे गट असतात. त्यातून पुढे तातडीचा नियम रुळला, गट तपासायला वेळ नसेल तर ‘ओ’ द्या.

१९५२ मध्ये या नियमाला अपवाद सापडला. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना मुंबईत तीन व्यक्ती आढळल्या. त्यांच्या लाल पेशी ‘ओ’सारख्या दिसत, पण त्यांचा रक्तद्रव ‘ओ’च्या पेशींच्याही गुठळ्या करत होता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रूथ सँगर, आर. आर. रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह हा शोध त्याच वर्षी ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. जगभर तो बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो.

कारण असे की, ए आणि बी हे लाल पेशींवरचे प्रतिजन ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात. ‘ओ’ रक्तात हा पाया उघडाच राहतो. बॉम्बे गटात तो पायाच नसतो आणि रक्तद्रवात ‘एच’विरुद्ध प्रतिपिंडे असतात. म्हणून सर्वांना चालणारे ‘ओ’ या माणसाला मात्र घातक. भारतात साधारण दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक असे हे प्रमाण मानले जाते.

आज प्रयोग पुष्कळ पुढे गेले आहेत. विकरांनी (एन्झाइमांनी) ए आणि बी प्रतिजन कापून ‘ओ’ रक्त तयार करण्याची वाट खुली झाली आहे. पण ‘एच’ उरतोच, म्हणून बॉम्बे गटाला त्याचा उपयोग नाही. बाल्टिमोरमध्ये सॅम्युएल टिशरमन यांच्या पथकाने रक्तस्रावाने हृदय थांबलेल्या जखमींच्या शरीरात बर्फगार सलाईन भरून ते सुमारे दहा अंश सेल्सिअसपर्यंत थंड करण्याचा प्रयोग केला, म्हणजे शस्त्रक्रियेला वेळ मिळावा. किमान एका रुग्णावर हे केल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. तरीही शेवटी शरीर पुन्हा उबदार करताना जुळणारे रक्त लागतेच. यंत्र कितीही पुढारलेले असो, या टप्प्याला पर्याय नाही.

भाटिया पुढे परळच्याच रक्तगट संदर्भ केंद्रात काम करत राहिले. १९५७ मध्ये सुरू झालेले ते केंद्र आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. केईएम रुग्णालयाच्या आवारातील ही संस्था दुर्मिळ गटांच्या दात्यांची नोंद ठेवते.

शीतकपाटात साठवलेल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात, त्यामुळे असा दाता आधीच माहीत असणे हीच खरी तयारी. रक्ताचा गट फक्त पेशींवरून ठरवू नये. रक्तद्रवही तपासावा आणि क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळवून पाहणे, कधीही वगळू नये. तुमचा गट बॉम्बे निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या. दोन्ही पालकांकडून हा गुण आलेला असल्याने प्रत्येक भावंडातही तो असण्याची शक्यता चारात एक असते. ज्यांच्यात आढळेल त्यांनी रक्तपेढीत नाव नोंदवावे. कुणाचे तरी थांबलेले हृदय पुन्हा चालण्यासाठी त्या एका नावाची गरज पडू शकते.