'पंच' या इंग्रजी पेयनामाचें मूळ

मद्यपानाच्या गोंगाटास इंग्रजींत 'कराउझ' म्हणतात. हा शब्द 'गार आउस', म्हणजे 'पार संपवा', या जर्मन आरोळीपासून सोळाव्या शतकांत निघाला. त्या गोंगाटांतील एका पेयाचें नांव मात्र आपण आपलें म्हणून मिरवितों, तें 'पंच'. पांच पदार्थांचें म्हणून पंच, ही व्युत्पत्ति इतकी सोयीची आहे कीं ती तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं.

तिचा मुख्य आधार डॉक्टर फ्रायर. हा १६७३ त मुंबईस आला, १६७५ त जुन्नरास जाऊन आला. त्याचा ग्रंथ १६९८ त लंडनास छापला. गोव्याकडील नेरूळ येथें उत्तम अर्क निघतो, त्याचें इंग्रज लोक हें पेय करितात व हिंदुस्थानींत त्या नांवाचा अर्थ पांच, असें तो सांगतो. साक्षीदार प्रत्यक्षदर्शी खरा; पण त्यानें पाहिलें तें पेय, व्युत्पत्ति नव्हे.

त्याच्या आधींचे उल्लेख निराळे बोलतात. पूर्व किनाऱ्यावरील पेटापोली (निजामपट्टण) येथील व्यापाऱ्यास १६३२ त लिहिलेल्या इंग्रजी पत्रांत हा शब्द येतो, आणि तोही अर्थ न सांगतां; म्हणजे इंग्रजांत तो तेव्हांच रुळला होता. १६३८ त सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो 'पालेपुंट्झ' लिहितो व घटक देतो ते चारच: मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. फ्रेंच वैद्य बर्निये याच्या 'बुलेपाँज'मध्येंही अर्क, लिंबूरस, पाणी व जायफळ एवढेंच आहे. पांचवा घटक कोठें गेला?

उच्चाराची अडचण याहून मोठी. सतराव्या शतकांतील इंग्रज या शब्दांतील स्वर उकारासारखा उच्चारीत. मांडेल्स्लोचा 'पुंट्झ' त्याचीच साक्ष देतो. आपल्या 'पंच'मधून किंवा 'पांच'मधून तो उकार निघणें कठीण. म्हणून खलाशांच्या मद्याचें 'पंचन' नांवाचें मोठें पिंप हें मूळ असावें, असा दुसरा पक्ष आहे. तोही सिद्ध झालेला नाहीं. पण मला तो कमी दुबळा वाटतो.

पंचामृत, पंचखाद्य हे शब्द आपल्या बाजूनें पुढें केले जातात. त्यांवरून नांव ठेवण्याची रीत दिसते, पेय दिसत नाहीं. पाटण खोऱ्यांतील वा कुंभार्ली घाटाखालच्या कोंकणांतील एखाद्या दप्तरांत, १६३२ पूर्वींच्या जकातीच्या अथवा मुदपाकाच्या कागदांत, या नांवाचें पेय कोणास आढळल्यास त्यांनीं तो कागद मूळ वळणासह छापावा. माझें मत मी त्याच दिवशीं मागें घेईन.