पायरीवर थांबलेली गाडी

रिमोटच्या गाड्या जमवणाऱ्यांच्या बोलीत 'शेल्फ क्वीन' असा एक शब्द आहे. जिच्या टायरला कधी माती लागली नाही, जिची मोटार जागेवर आहे पण बॅटरी जोडायची वेळच आली नाही, अशी काचेआड बसून राहणारी गाडी म्हणजे शेल्फवरची राणी. गाड्या पळवणारे हा शब्द जरा कुत्सितपणे वापरतात, जमवणारे कौतुकाने. बेंगळुरूला मात्र फळीवर बसलेल्या राणीचे अप्रूप असायचे कारण नाही. तिथल्या जुन्या घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या बसत आली आहे, शेजारी राजाला घेऊन.

ही राणी लाकडाची. 'पट्टद गोंबे' म्हणतात त्या जोडीतली. जुन्या म्हैसूर संस्थानच्या मुलखात लेकीच्या लग्नात आईवडील तिला राजा-राणीच्या बाहुल्यांची जोडी देतात. चांगली जोडी रक्तचंदनाची असते. नवरात्रात घरात पायऱ्या मांडल्या जातात, तीन, पाच, सात, नऊ, नेहमी विषम, आणि नवे वस्त्र, दागिने घालून ही जोडी सर्वांत वरच्या पायरीवर बसते. खाली देवादिकांचे प्रसंग, त्याखाली माणसांचा संसार: लग्नाची वरात, आठवडी बाजार, किराणा मांडून बसलेले शेट्टी जोडपे. दरवर्षी निदान एक नवी बाहुली घ्यायची असा रिवाज. हा गोंबे हब्ब, म्हणजे बाहुल्यांचा सण. संध्याकाळी आळीतली मुले घरोघर आरास बघत हिंडतात आणि खाऊ घेऊन पुढच्या घरी जातात.

मराठी घराला हे चित्र परके वाटू नये. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चालणाऱ्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपल्याकडेही पायऱ्यांची आरास होतेच. वर गौर, खाली कलिंगडाची कमळे, आणि उरलेल्या जागेत घरातली झाडून सारी खेळणी, त्यात सावंतवाडीची लाकडी फळे आणि एखादी किल्लीची मोटारसुद्धा. फरक असला तर मुक्कामाचा. चैत्रगौरीची मांडामांड बहुधा एका संध्याकाळची. गोंबे हब्ब दहा दिवस ठाण मांडून बसतो.

म्हैसूरच्या दसऱ्याचा आरंभ राजा वडेयरने 1610 मध्ये श्रीरंगपट्टणला केला, तो विजयनगरच्या महानवमीचा वारसा सांगत. बाहुल्यांना या राजवटीत किती मान होता हे म्हैसूरच्या राजवाड्यात शिरताच कळते. जुना वाडा 1897 मध्ये जळाला, नवा 1912 मध्ये उभा राहिला, आणि त्याच्या प्रवेशाच्या बाजूलाच 'गोंबे तोट्टी', बाहुल्यांचा चौक, आहे. एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या बाहुल्या तिथे मांडलेल्या आहेत. हत्तीवरची सोन्याची अंबारी पाहायला आलेली गर्दी त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे सरकते. त्यांच्यापाशी पाच मिनिटे जास्त थांबायला हवे.

पण म्हैसूरच्या मुलखातले सर्वांत प्रसिद्ध खेळणे ना म्हैसुरात आहे ना बेंगळुरूत. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ, गोऱ्या शिपायाच्या छातीवर चढलेला, पोटात ऑर्गन बसवलेला, 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी विलायतेला नेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत 1808 पासून तो लोकांना पाहायला ठेवला. येणारा प्रत्येक जण दांडा फिरवून डरकाळी काढी, आणि शेजारी ग्रंथालयात वाचत बसलेले विद्वान वैतागत. आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात काचेआड आहे. चालते खेळणे फळीवर गेले की हळूहळू गप्प होते, याचे इतके मोठे उदाहरण दुसरे नसेल.

बाहुल्यांच्या पायऱ्या भरल्या त्या बऱ्याचशा चन्नपट्टणने. बेंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याला साठेक किलोमीटरवरचे हे गाव. इथली लाकडी खेळणी टिपूने इराणी कारागीर बोलावल्यामुळे सुरू झाली असे सगळे सांगतात. टिपूच्या नावावर या मुलखात इतक्या गोष्टी जमा आहेत की त्यात एक आणखी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे नाव घेतले जाते ते बावस मियाँ यांचे. जपानी लाखकामाची रीत त्यांनी इथे रुजवली असे मानतात.

काम पाहण्यासारखे असते. लाकूड 'आले मर', म्हणजे आपला काळा कुडा: पांढरट, मऊ, चरकावर लोण्यासारखे कातले जाणारे. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरत जाते. मग केवड्याच्या जातीचे वाळलेले पान दाबून धरायचे, की तिला आरशासारखी चकाकी येते. ब्रश नाही, वाळवण नाही. बाहुली, भोवरा, खुळखुळा, आणि चार गोल चाकांची बैठी मोटारगाडी, सगळे याच चरकावरून उतरते. चन्नपट्टणची मोटार बाळाने चावली तरी चालते. जमवणाऱ्याची मोटार बाळाने नुसती पाहिली तरी घरात तणाव.

या दुसऱ्या मोटारीचे माहेर जपानच्या शिझुओका शहरात आहे, आणि तिची कुळकथाही लाकडापासूनच सुरू होते. सुरुगा या जुन्या प्रांताचे हे मुख्य ठाणे सुतारकाम आणि लाखकामासाठी नावाजलेले. जपानात 3 मार्चला मुलींसाठी 'हिना मात्सुरी' साजरा होतो: लाल कापडाच्या पायऱ्या, सर्वांत वर सम्राट-सम्राज्ञीची जोडी, खाली दासी, वादक, चिमुकले संसारसाहित्य. पट्टद गोंबे पाहिलेल्या माणसाला ओळख करून द्यायची गरज पडणार नाही. त्या पायऱ्यांवरच्या बाहुल्या आणि त्यांचे छोटे लाखकामाचे सामान बनवण्यात सुरुगाचे कारागीर वाकबगार होते.

त्याच शहरात 1946 मध्ये योशिओ तामिया यांनी लाकूड कापण्याची गिरणी काढली. पुढे तिथे जहाजांच्या लाकडी प्रतिकृती होऊ लागल्या, 1960 मध्ये प्लॅस्टिकची पहिली निघाली. खरी गंमत 1976 ची. पोर्शे 934 या शर्यतीच्या गाडीची 1:12 प्रमाणातली प्रतिकृती करायची म्हणून कंपनीने एक खरी पोर्शे 911 विकत घेतली आणि सुटी करून मोजली. प्रतिकृती निघाली तीच मुळी मांडून ठेवायला. पण साच्यांवर भरमसाट पैसा गेला होता, आणि आकार असा बेतलेला होता की आत मोटार आणि बॅटरी मावावी. त्याच वर्षी तिच्यात रेडिओ बसवून ती रस्त्यावर उतरवली गेली आणि धडाक्याने खपली.

रेडिओवर चालणाऱ्या गाड्यांची ती सुरुवात नव्हे. निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये 1898 सालीच बिनतारी होडी चालवून दाखवली होती, आणि इटलीत 1960 च्या दशकात रेडिओची फेरारी विकली जात होती. पण घरोघर पोचलेल्या रिमोटच्या मोटारीची वंशावळ पोर्शेपासून मोजतात, आणि ती मुळात फळीवरची होती हे जमवणाऱ्यांना सांगायला फार आवडते. पुढे 1979 चा 'सँड स्कॉर्चर', 1984 चे 'ग्रासहॉपर' आणि 'हॉर्नेट' आले. ही नावे उच्चारताना पन्नाशीच्या माणसांचा आवाज बदलतो. आज जुन्या, न उघडलेल्या खोक्यातल्या गाडीला धावून खरचटलेल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त किंमत येते. खोके फाडणारा मुलगा त्या काळी शहाणा ठरला, आज वेडा.

भारतात अशा खोक्याचा प्रवास खडतर. 1991 पूर्वी आयातीवर निर्बंध होते. असली गाडी यायची ती सिंगापूर किंवा आखातातून सुट्टीवर आलेल्या नातलगाच्या बॅगेतून. सीमाशुल्काच्या जगभर चालणाऱ्या वर्गवारीत 9503 क्रमांकाचे एक शीर्षक आहे. त्यात बाहुल्या, कोडी, तीनचाकी सायकली आणि 'चालणाऱ्या किंवा न चालणाऱ्या' लहान प्रतिकृती एकाच ओळीत बसवल्या आहेत. म्हणजे बाहुली आणि गाडी एकाच पायरीवर मांडण्याचे काम सरकारी कागदाने केव्हाच केले. फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात या खेळण्यांवरचे मूळ शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेले, 2023 मध्ये 70 वर. स्वस्त चिनी माल रोखणे हा हेतू, आणि चन्नपट्टणच्या चरकांना श्वास मिळावा ही आशा. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये चन्नपट्टणचे नावही घेतले. शिझुओकाची गाडी या माऱ्यात उगीच सापडली.

तरी बेंगळुरूत या छंदाला जमीन चांगली मिळाली, त्याला कारण आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद 1939 मध्ये अमेरिकेहून परतत होते ते मोटारीचा कारखाना काढायचे डोक्यात घेऊन. वाटेत विमानांचा व्यापार करणारे विल्यम पॉली भेटले, आणि म्हैसूर दरबारच्या मदतीने 23 डिसेंबर 1940 रोजी बेंगळुरूत उभी राहिली ती हिंदुस्थान एअरक्राफ्ट. वालचंदांची मोटार मागाहून मुंबईत आली, प्रीमियर नावाने. बेंगळुरूला विमाने मिळाली. 1954 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्समुळे रेडिओचे कामही आले, मग अवकाश संशोधन. सोल्डरिंगचा वास अंगाला लागलेली माणसे या शहरात पिढ्यांनी मोजावीत. सदर पत्रप्पा रस्त्यावरच्या, सगळे ज्याला एस. पी. रोड म्हणतात त्या बोळांत, मोटारी, सर्व्हो, बॅटऱ्या, तारा असा माल शोधत फिरणारे शनिवारी हमखास दिसतात. 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त झाला, त्यामुळे पुढे आलेल्या नव्या रिमोटना परवान्याची कटकट राहिली नाही.

फळीवरची गाडी नीट ठेवणे मात्र बाहुल्या ठेवण्याहून किचकट. बाहुल्या दसऱ्यानंतर जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत जातात आणि वर्षभर तिथेच झोपतात. गाडी वर्षभर उजेडात. उन्हाने तिच्या अंगाचे प्लॅस्टिक पिवळे पडते, स्टिकरच्या कडा उचलतात. चाकांवर उभी ठेवली तर रबर एका बाजूने चपटे होते, म्हणून जाणकार तिला पोटाखाली ठोकळा देऊन चाके अधांतरी ठेवतात. टायर दुसऱ्या प्लॅस्टिकला टेकून राहिला तर रबरातला तेलकट अंश ते प्लॅस्टिक खातो. बॅटरी आधी काढायची. ती आत विसरली आणि पाझरली तर सर्किट गेले. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या टपाला रंग आतून दिलेला असतो, त्यामुळे बाहेरून पुसायला ते सोपे, आणि बेंगळुरूच्या न संपणाऱ्या बांधकामांची धूळ पाहता पुसावे लागतेच.

गोंबे हब्बच्या खालच्या पायऱ्या पूर्वीपासून चालू काळासाठी राखीव आहेत. कधी तिथे क्रिकेटचे मैदान असते, कधी मेट्रो. 2023 च्या नवरात्रात चांद्रयानाने अनेक घरांत उतरून घेतले. मोटारीही त्याच पायरीच्या मानकरी. वर रक्तचंदनाची राणी, खाली प्लॅस्टिकची. दोघीही न हलणाऱ्या.

नवव्या दिवशी आयुधपूजा येते. त्या दिवशी बेंगळुरूत बसपासून सायकलीपर्यंत सगळ्या वाहनांना कुंकू लागते, झेंडूचे हार पडतात, रस्त्यावर कोहळे फुटतात आणि मागून येणारे दुचाकीस्वार घसरतात. घरातल्या हत्यारांबरोबर स्क्रूड्रायव्हर, लॅपटॉप आणि पोरांच्या गाड्याही पूजेला बसतात. शेवटी प्रत्येक चाकाखाली एक लिंबू ठेवतात, ते चिरडून गाडीने पुढे जायचे असते. 1:10 च्या रिमोटच्या गाडीपुढे लिंबू ठेवले तर ते जवळजवळ तिच्या चाकाएवढेच उंच निघते.