कराटेच्या क्लासला मुलं घालताय? फी भरण्याआधी एवढं तपासा

प्रतिनिधी : जून महिना लागला की गावोगावी शाळेच्या पटांगणात, समाजमंदिरात कराटेचे क्लास सुरू होतात. स्टँडवर फ्लेक्स लागतो. ‘आंतरराष्ट्रीय प्रशिक्षक’, ‘एका वर्षात ब्लॅक बेल्ट’, ‘नोकरीत फायदा’. खेळ चांगलाच आहे. पोरं चपळ होतात, मुलींना धीर येतो. पण क्लास कोणता, हे बघूनच पैसे भरावेत.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. थोरली मुलगी आठवीत असताना तिला अशाच एका क्लासला घातलं. वर्षात पाच बेल्ट झाले आणि दर बेल्टला परीक्षा फी वेगळी. मग ‘नॅशनल’ला म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात नेलं. एन्ट्री फी, गाडीभाडं, नवीन ड्रेस, सगळं सोयाबीनच्या पैशातून गेलं. पोरगी मेडल घेऊन आली, गावात सत्कार झाला. दहावीला सवलतीच्या गुणांसाठी ते प्रमाणपत्र शाळेत दिलं, तर ते नियमात बसत नाही म्हणून परत आलं. तिच्या गटात दोनच मुली होत्या, हे तिनं तेव्हा सांगितलं. त्या दिवसापासून तिनं ड्रेस अंगाला लावला नाही. पैशापेक्षा ते जास्त लागलं.

म्हणून आधी काय बघायचं, ते खाली दिलं आहे.

१) सर कुणाकडे शिकले?
कराटे मूळचं जपानच्या ओकिनावा बेटावरचं. त्यात शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू अशा मुख्य शैली आहेत. चांगल्या प्रशिक्षकाला आपली शैली, आपले गुरू, आपला बेल्ट कधी आणि कुणी दिला हे सरळ सांगता येतं. प्रमाणपत्र दाखवा म्हटलं तर तो चिडत नाही. या खेळात संघटना अनेक आहेत आणि नावात ‘इंटरनॅशनल’ कुणीही लावू शकतं. त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. संस्था नोंदणीकृत असल्याचं सांगितलं तर नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात चौकशी करा.

२) बेल्ट किती दिवसांत?
पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात होते. दोन परीक्षांत निदान तीन-चार महिने नियमित सराव लागतो. ब्लॅक बेल्टला साधारण तीन ते पाच वर्षं जातात. त्यातही पहिल्या ब्लॅक बेल्टला ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे नुसती सुरुवात. वर्षात ब्लॅक बेल्ट देतो म्हणणारा बेल्ट विकतो, शिकवत नाही. चांगल्या क्लासात परीक्षेत नापासही करतात.

३) खर्च कागदावर घ्या
महिन्याची फी, ड्रेस, परीक्षा फी, बेल्ट, प्रमाणपत्र, स्पर्धेचा खर्च हे सगळं पहिल्याच दिवशी लिहून मागा. पावती घ्या. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, आधी महिनाभर बघा. पहिल्या महिन्यात ट्रॅक पँट-टीशर्टवर भागतं.

४) गुण आणि नोकरीचं खरं काय?
दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षणही आहे. पण ते प्रत्येक स्पर्धेला नाही. शासनाच्या नियमात बसणारा खेळ आणि स्पर्धा लागते. स्पर्धेला पैसे भरण्याआधी तिचं पत्रक घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. शाळेच्या क्रीडा शिक्षकांनाही विचारा. ऑलिंपिकचं आमिष दाखवलं, तर लक्षात ठेवा : टोकियोला कराटे होतं, २०२४ च्या पॅरिसला नव्हतं.

५) एक दिवस बसून बघा
सुरुवातीला वॉर्मअप होतो का? नवीन पोरांना आधी मूळ हात-पाय, मग काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) शिकवून नंतरच कुमिते (जोडीदाराशी लढत) देतात का? लढतीला हातमोजे, दातांचं गार्ड असतं का? डोक्याला लागलं तर पोराला लगेच बाहेर बसवतात का? शिस्त हवीच, पण पट्ट्यानं मारणं, शिव्या देणं म्हणजे शिस्त नव्हे.

६) मुलींच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा
क्लास उघड्यावर किंवा दार उघडं असलेल्या हॉलमध्ये असावा. आईबापाला कधीही येऊन बसता आलं पाहिजे. ‘पालकांनी थांबू नये’ म्हणणारा क्लास नको. बाहेरगावी स्पर्धेला मुली जाणार असतील तर सोबत बाईमाणूस हवंच, मुक्काम कुठं तेही आधी कळायला हवं. मुलगी अचानक जायला नको म्हणाली तर रागावू नका, जवळ बसवून विचारा. काही वावगं वाटलं तर चाइल्डलाइन १०९८ वर फोन लावा, पोलिसात जा. पोक्सो कायदा त्यासाठीच आहे.

शेवटचं म्हणजे, त्या क्लासला दोन-तीन वर्षं जाणाऱ्या पोरांच्या घरच्यांना गाठा. जुनी पोरं टिकून असतील तर क्लास चांगला असतो. दरवर्षी सगळी नवीच दिसत असतील, तर जुनी का सोडून गेली ते विचारा.

आमची धाकटी आता दुसऱ्या क्लासला जाते. दीड वर्ष झालं, बेल्ट दोनच झालेत. पण रोज संध्याकाळी पाचला ती स्वतःहून तयार असते.