‘वोक्झाल’ : एका शब्दाचे स्थलांतर

रशियन भाषेत मोठ्या रेल्वेस्थानकाच्या इमारतीला ‘वोक्झाल’ म्हणतात. या शब्दाविषयी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. रेल्वे पाहण्यासाठी इंग्लंडला गेलेल्या रशियन पाहुण्यांनी लंडनमधील ‘व्हॉक्सहॉल’ या स्थानकाची पाटी वाचली आणि स्थानकमात्राला हेच नाव असावे, असा त्यांचा ग्रह झाला. आख्यायिका मनोरंजक खरी. पण कालगणनेपुढे ती टिकत नाही. लंडनचे ते स्थानक १८४८ साली उघडले. हा शब्द तर १८१३ सालच्या पुश्किनच्या कवितेतही आढळतो आणि तेथे त्याचा रेल्वेशी काडीमात्र संबंध नाही.

व्हॉक्सहॉल हा थेम्सच्या दक्षिण तीरावरील भाग. तेराव्या शतकातील फाल्क्स द ब्रोते या सरदाराच्या वाड्यावरून त्यास हे नाव मिळाले. पुढे तेथे सार्वजनिक उद्यान झाले. अठराव्या शतकात जोनाथन टायर्सने संगीत, दिव्यांची आरास आणि खानपान यांची जोड देऊन ते नावारूपाला आणले. त्याची कीर्ती युरोपभर पसरली आणि विशेषनामाचे सामान्यनाम झाले : जेथे संगीत व करमणूक, ते ‘व्हॉक्सहॉल’. याच अर्थाने शब्द रशियात पोहोचला. रशियनमध्ये ‘झाल’ म्हणजे दालन. त्यामुळे शब्दाचा उत्तरार्ध तेथील कानांना ओळखीचा वाटला.

रशियाची पहिली सार्वजनिक रेल्वे १८३७ साली सेंट पीटर्सबर्ग ते त्सार्स्कोये सेलो अशी धावली आणि १८३८ साली पाव्हलोव्हस्कपर्यंत गेली. हे उपवनांचे गाव होते. प्रवाशांना ओढ वाटावी म्हणून तेथील अंतिम स्थानकावर संगीतसभागृह बांधण्यात आले आणि रूढीप्रमाणे त्यास ‘वोक्झाल’ म्हटले गेले. १८५६ पासून योहान श्ट्राउस (धाकटा) याने तेथे अनेक उन्हाळे वाद्यवृंदाचे संचालन केले. लोक गाडीने येत ते संगीतासाठी. हळूहळू सभागृहाचे नाव स्थानकाला चिकटले आणि तेथून देशभरच्या स्थानकांना लाभले.

म्हणजे हा शब्द अज्ञानातून उसना घेतलेला नाही. समाजाने तो आवडीने स्वीकारला आणि आपल्या गरजेनुसार त्याचा अर्थ पालटला. लंडनचे उद्यान १८५९ साली बंद झाले. पाव्हलोव्हस्कचे सभागृह दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाले. शब्द मात्र टिकला. आज रशियात बसस्थानकाला आणि नदीवरील बंदरालाही ‘वोक्झाल’ म्हणतात. त्यातले संगीत तेवढे विस्मृतीत गेले आहे.