बास अ‍ॅम्प्लिफायर : खर्ज ऐकू येण्याचा इतिहास

बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. हवेत त्या लहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते, आणि माणसाचा कान एवढ्या खालच्या खर्जाला मुळातच मंद आहे. बेल लॅबोरेटरीजमधील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. मधल्या पट्टीतला सूर जेवढ्या जोराने सहज ऐकू येतो, तेवढ्याच जोराचा खर्ज कानाला जेमतेम जाणवतो. शिवाय आवाज दुप्पट वाटावा म्हणून अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करून भागत नाही, ती साधारण दहापट करावी लागते. गिटारवादकाचे काम ३० वॅटमध्ये भागते, पण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बासवादकाला ३०० वॅटही पुरत नाहीत, ते यामुळेच. बास अ‍ॅम्प्लिफायरचा जवळजवळ सगळा इतिहास या गणितातून निघाला, आणि त्यातला मोठा भाग दुरुस्तीच्या टेबलावर घडला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील नृत्यवृंदांत खर्जाचे काम डबल बासकडे होते. माणसाहून उंच असे हे वाद्य गाडीच्या टपावर बांधून गावोगाव न्यावे लागे, आणि पितळी वाद्ये जोरात वाजू लागली की ते वाजते आहे हे फक्त वादकालाच कळे. तरीही मोठ्या वृंदात ते खपून गेले, कारण तिथे ताल धरायला आणखी वाद्ये होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हे मोठे वृंद मोडू लागले. १९४४ साली अमेरिकी सरकारने नाचगाण्याच्या जागांवर जबर कर लावला होता. पंधरा-सोळा जणांचा ताफा पोसणे मालकांना परवडेना, आणि त्याच्या जागी चार-पाच जणांचे संच आले. या लहान संचांत गिटार विजेवर वाजत होती आणि ढोल जोरात होते. डबल बासचे न ऐकू येणे आता लपेना.

विजेवरच्या बासची कल्पना त्याआधीच एकाने करून पाहिली होती. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी तिसाच्या दशकाच्या मध्यात ऑडिओव्हॉक्स या नावाने पडदे असलेली भरीव लाकडाची बास गिटार बनवली आणि तिच्या जोडीला अ‍ॅम्प्लिफायरही विकला. मोजकेच नग तयार झाले आणि ते काम तिथेच थांबले. कल्पना उत्तम होती, पण तिची निकड अजून निर्माण झालेली नव्हती.

निकड ज्यांना सर्वांत आधी जाणवली ते लिओ फेंडर स्वतः वादक नव्हते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावात १९३८ पासून त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. तिथे वादक आपापले बिघडलेले अ‍ॅम्प आणि ध्वनिक्षेपक घेऊन येत. कुठला भाग आधी जळतो, कुठला जोड प्रवासात सुटतो, वादक कशाला कंटाळला आहे, हे त्यांना रोजच्या कामातून कळत गेले. १९५१ च्या अखेरीस त्यांनी प्रिसिजन बास बाजारात आणला. चौतीस इंची तार, मानेवर वीस पडदे, गळ्यात अडकवून वाजवता येईल असा आकार. पडदे असल्यामुळे सूर अचूक लागे, आणि गिटार वाजवणारा कोणीही थोड्या सरावाने बास वाजवू शके. लहान संचाच्या मालकाला याचे मोल फार होते. व्हायब्राफोनवादक लायोनेल हॅम्प्टन यांच्या वृंदात हे वाद्य लवकर पोहोचले आणि मंक माँटगोमेरी यांनी ते जॅझच्या मंचावर वाजवून लोकांची सवय करून दिली.

वाद्याबरोबर त्याचा अ‍ॅम्पही हवा होता. १९५२ मध्ये फेंडरनी बासमन आणला, त्यात १५ इंचांचा एकच स्पीकर होता. खर्ज वाजताना स्पीकरचा कागदी कोन बराच पुढेमागे हलतो. त्याला ओढणारे कॉइल तापते, गाळ्यात घासते आणि जळते. पुढे, दशकाच्या मध्यास, फेंडरनी हा भार १० इंचांच्या चार स्पीकरमध्ये वाटून टाकला. स्पीकर टिकले, पण पाठ उघडी असलेल्या त्या खोक्यातून खर्ज मागच्या बाजूने निसटून जाई. बासवादकांसाठी तो अ‍ॅम्प तोकडाच पडला. गिटारवादकांनी मात्र तो उचलून धरला. तो ताणून वाजवला की येणारी खरखरीत धार त्यांना हवीच होती. लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये वाद्यांचे दुकान चालवणारे जिम मार्शल यांच्या तंत्रज्ञांनी १९६२ साली आपला पहिला अ‍ॅम्प बासमनच्या आराखड्यावरूनच बेतला. रॉक गिटारचा जगभर ओळखला जाणारा आवाज असा बासवादकासाठी केलेल्या यंत्रातून आला.

बासवादकाच्या गरजेचा खरा अभ्यास न्यूयॉर्कच्या बाजूला चालू होता. एव्हरेट हल स्वतः बासवादक. डबल बास ज्या खुंटावर जमिनीवर टेकतो, त्या खुंटाच्या आत मायक्रोफोन बसवण्याची युक्ती त्यांनी काढली आणि चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅम्पेग ही कंपनी उभी केली. त्यांचे सहकारी जेस ऑलिव्हर यांनी १९६० मध्ये बी-१५ पोर्टाफ्लेक्स आणला. यात विद्युतमंडल असलेला वरचा भाग एका झाकणावर बसवलेला असे. काम संपले की झाकण उलटे करायचे, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, अर्थात व्हॉल्व्ह, खोक्याच्या पोटात सुरक्षित राहत आणि सगळे मिळून एकच चौकोनी पेटी उरे. शक्ती होती २५ ते ३० वॅट. आजच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटतो, पण खोका मागून बंद आणि नीट मोजून बनवलेला असल्यामुळे क्लबमध्ये आणि स्टुडिओत त्याचा गोल, भरीव खर्ज पुरेपूर पोहोचे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे जेम्स जेमर्सन ध्वनिमुद्रणात आपला प्रिसिजन बास थेट कन्सोलला जोडत, पण बाहेरच्या कार्यक्रमांना त्यांच्यासोबत बी-१५ असे. वादकाने एकट्याने उचलावा, रात्री दोन वाजता गाडीत टाकावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू करावा, असा विचार करून बनवलेला हा पहिला अ‍ॅम्प म्हणता येईल. त्याची थोरवी त्यातच आहे.

इंग्लंडमध्ये परिस्थिती वेगळी होती. पन्नासच्या दशकात अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर तिथे निर्बंध होते. ते उठल्यावर शॅडोज या वृंदाचे बासवादक जेट हॅरिस यांच्या हाती फेंडर बास आला. पण निर्बंधांच्या काळात सामान मिळेनासे झाले की हातचे बनवायचे, ही रीत लिव्हरपूलच्या वादकांना पाठ झाली होती. १९६२ च्या सुमारास एड्रियन बार्बर या तिथल्याच गिटारवादकाने बासवादक पॉल मकार्टनी यांच्यासाठी १५ इंची स्पीकरचे एक उंच, काळे खोके तयार केले. त्याच्या आकारामुळे सगळे त्याला शवपेटी म्हणत. पुढच्याच वर्षी मकार्टनींनी व्हॉक्सचा टी-६० हा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प घेतला. तो वजनाने हलका, पण तापून बंद पडण्याबद्दल कुप्रसिद्ध होता. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टरांना उष्णता झेपत नसे. व्हॉल्व्ह बिघडण्याआधी आवाज खालावून इशारा देतो. ट्रान्झिस्टर एका क्षणात फुटतो आणि बऱ्याचदा सरळ विद्युतप्रवाह स्पीकरमध्ये सोडून त्यालाही सोबत नेतो. व्यावसायिक वादक पुढे बरीच वर्षे ट्रान्झिस्टरपासून लांब राहिले ते याच अनुभवामुळे.

साठच्या दशकाच्या अखेरीस कार्यक्रम क्लबमधून मैदानांत गेले, आणि गाण्यासाठीची ध्वनिव्यवस्था अजून एवढी मोठी नव्हती की मंचावरच्या वाद्यांना सामावून घेईल. हजारो लोकांपर्यंत खर्ज पोहोचवायचा तो मंचावरच्या अ‍ॅम्पनेच. एव्हरेट हल यांना रॉक संगीत आवडत नसे. आवाज विकृत होईपर्यंत अ‍ॅम्प वाढवणे हा त्यांना यंत्राचा दुरुपयोग वाटे. १९६७ मध्ये त्यांनी कंपनी विकली, आणि नव्या मालकांच्या काळात १९६९ साली अ‍ॅम्पेगचा एसव्हीटी आला : ३०० वॅट, चौदा व्हॉल्व्ह, आणि दहा इंचांचे आठ आठ स्पीकर असलेली दोन बंद कपाटे. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात त्याचे प्रारंभिक नमुने वापरले गेले. पहिल्या एसव्हीटीमध्ये रेडिओ प्रक्षेपणासाठी बनवलेले ६१४६ जातीचे व्हॉल्व्ह होते. दौऱ्यांची ओढाताण त्यांना मानवली नाही, म्हणून लवकरच त्यांच्या जागी ६५५० आले. नुसत्या वरच्या भागाचे वजन चाळीस किलोच्या आसपास. आठ स्पीकरच्या कपाटाला वादक अजूनही फ्रीज म्हणतात, आणि आज बनणारे तसे कपाट साठ किलोंहून जड असते. लॉस एंजेलिसच्या अ‍ॅकूस्टिक कंपनीने त्याच सुमारास दुसरा रस्ता धरला. तिच्या ३६० या मॉडेलमध्ये ट्रान्झिस्टरचे २०० वॅट आणि दुमडलेल्या भोंग्यात बसवलेला १८ इंचांचा स्पीकर होता. जॅको पास्टोरियस यांचा धारदार, बोलका सूर याच अ‍ॅम्पमधून लोकांनी ऐकला.

एसव्हीटीसारखा अ‍ॅम्प दुरुस्तीला येतो तेव्हा कारागीर तो लगेच चालू करत नाही. आत ७०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि वीज काढून टाकली तरी गाळणीचे मोठे कंडेन्सर तो दाब धरून बसतात. आधी रेझिस्टन्स लावून ते रिकामे करायचे, मग मीटरने खात्री करायची. त्यानंतर सिरीज बल्ब लावून वीज द्यायची. बल्ब लख्ख पेटला तर आत कुठे तरी शॉर्ट आहे. हे कंडेन्सर पंधरा-वीस वर्षांत सुकतात आणि अ‍ॅम्प गुणगुणू लागतो. गाडीतल्या धक्क्यांनी व्हॉल्व्हच्या बैठका सैल पडतात आणि जड ट्रान्सफॉर्मरजवळचे सोल्डरचे डाग तडकतात. लाकडी काडीने एकेका व्हॉल्व्हवर हलकेच टकटक केली की आतून सैल झालेला व्हॉल्व्ह स्पीकरमधून खणखणून ओळख देतो. नवे व्हॉल्व्ह घातले तर त्यांचा बायस जुळवावा लागतो, नाहीतर स्पीकरला शक्ती देणाऱ्या सहांपैकी एकच सगळा भार ओढतो आणि त्याचे आतले पत्रे लाल होतात. सर्वांत महाग नुकसान मात्र वादकाच्या एका चुकीने होते. स्पीकरची वायर न जोडताच व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प वाजवला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो पुन्हा गुंडाळून देणारे हात आता थोडे उरले आहेत.

दुरुस्तीत जिवाचाही प्रश्न येतो. जुन्या अमेरिकी अ‍ॅम्पना दोन पिनांचा प्लग असे आणि मुख्य विजेपासून थेट पत्र्याला जोडलेला एक कंडेन्सर. तो बिघडला की गिटारच्या तारांपर्यंत वीज पोहोचते, आणि ओठ मायक्रोफोनला लागले की परिपथ पूर्ण होतो. अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून स्टोन द क्रोज या वृंदाचे गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सीमध्ये मंचावरच मरण पावले. तीन पिनांचा प्लग बसवून तो कंडेन्सर काढून टाकणे, हे जुन्या अ‍ॅम्पवरचे पहिले काम मानले जाते.

भारतात हे सामान आले ते मुख्यतः मुंबईत. हॉटेलांतल्या जॅझ वृंदांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत पाश्चात्त्य वाद्यांची बाजू बव्हंशी गोव्याच्या वादकांनी सांभाळली. संगीतकार राहुल देव बर्मन यांच्या अनेक गाण्यांतला बास टोनी वाझ यांनी वाजवला. १९९१ पूर्वीच्या आयात निर्बंधांमुळे परदेशी अ‍ॅम्प हा दुर्मिळ ऐवज होता आणि तो टिकवणे भाग होते. ११७ व्होल्ट व ६० सायकलच्या विजेसाठी बनवलेला अमेरिकी अ‍ॅम्प इथे ट्रान्सफॉर्मरवर चालवावा लागे, आणि ५० सायकलच्या विजेवर त्याचे स्वतःचे ट्रान्सफॉर्मर अधिक तापत. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर शोधायचे. साठच्या दशकापासून बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत होती, त्यामुळे लहान व्हॉल्व्हची तरी सोय झाली.

ऐंशीच्या दशकात ट्रान्झिस्टर विश्वासार्ह झाले. गॅलियन-क्रूगरच्या ८००आरबीने शेकडो वॅट एका हातात उचलता येतील अशा पेटीत आणले. एसडब्ल्यूआरने १९८४ नंतर पुढे व्हॉल्व्ह आणि मागे ट्रान्झिस्टर अशी जोडी रूढ केली, आणि स्पीकरच्या कपाटात ट्वीटर बसवून बोटांचा ठोका स्पष्ट ऐकवला. मोठी ध्वनिव्यवस्था सुधारल्यावर मंचावरचा अ‍ॅम्प प्रेक्षकांसाठी उरला नाही, तो वादकाला स्वतःचे ऐकण्यापुरता झाला. त्याच काळात नियोडिमियमचे चुंबक आले आणि स्पीकरचे वजन घटले. २००० नंतर डी वर्गाचे विद्युतमंडल आणि स्विचिंग पॉवर सप्लाय यांमुळे ५०० वॅटचा अ‍ॅम्प दोन-तीन किलोंवर आला. मार्कबास या इटालियन कंपनीने ही वाट लोकप्रिय केली.

रोज रात्री वाजवायला जाणाऱ्याच्या पाठीला यातून मिळालेला दिलासा मोठा आहे. किंमत मोजावी लागली ती दुरुस्तीच्या टेबलावर. नव्या अ‍ॅम्पमधले भाग तांदळाच्या दाण्याएवढे असून पाटीवर चिकटवलेले असतात. एक भाग गेला की बहुतेक वेळा सगळी पाटीच बदलतात, आणि ती पाटी बनणे बंद झाले की अ‍ॅम्प भंगारात जातो. १९६० चा बी-१५ मात्र डाग देता येणाऱ्या कोणालाही आजही चालू करता येतो. अडचण उरते ती व्हॉल्व्हची. अमेरिकेतले मोठे कारखाने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बंद पडले आणि उत्पादन रशियातील साराटोव, स्लोव्हाकिया आणि चीन इथे एकवटले. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात रोखल्यावर काही आठवड्यांतच जगभर व्हॉल्व्हचे भाव चढले. निर्यात पुन्हा सुरू झाली, पण तेव्हापासून बरेच कारागीर ६५५० चे जुळवलेले सहा-सहांचे संच आधीच घेऊन ठेवतात.