गोलकृमींची बदललेली वंशावळ

जंत, नारू, हत्तीरोगाचा कृमी ही सारी गोलकृमींची मंडळी. सगळेच दोऱ्यासारखे दिसणारे. मग त्यांचे वर्ग पाडायचे कशावरून? अमेरिकेत चिटवुड यांनी १९३०च्या दशकात शेपटीजवळची फॅस्मिड नावाची सूक्ष्म संवेदनेंद्रिये निवडली आणि ती असणारे व नसणारे असे दोन वर्ग केले. आम्हीही महाविद्यालयात हीच विभागणी पाठ केली. पण एखादा अवयव नसणे हा नात्याचा पुरावा कसा व्हावा? पाय नाहीत म्हणून साप आणि गांडूळ आपण एका कुळात घालत नाही!

१९९८ मध्ये ब्लॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी ५३ प्रकारच्या गोलकृमींमधील रायबोसोमच्या एका जनुकाची तुलना केली. फॅस्मिड असणारे खरोखरच एका कुळातले ठरले. नसणाऱ्यांची मात्र फाटाफूट झाली; त्यांतले काही तर फॅस्मिडवाल्यांनाच अधिक जवळचे निघाले. शिवाय प्राण्यांवरील परजीविता किमान चार वेळा, तर वनस्पतींवरील तीन वेळा स्वतंत्रपणे उद्भवल्याचे दिसले.

आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, कात टाकणाऱ्या प्राण्यांचे एकच मोठे कूळ असल्याचे अशाच तुलनेतून पुढे आले होते. म्हणजे वर्गात आपण गांडुळाच्या शेजारी शिकवतो तो जंत वंशाने झुरळाला अधिक जवळचा.